ऐनाची साल, पाणवठ्याचं पाणी: पोत विणीतून आणायचा की छापातून?

सालपापुद्रा
दिवाणखान्याच्या भिंतीसाठी चित्रगोधडी शिवायला घेतली आहे, चार फूट बाय तीन. चित्र पेंचच्या उन्हाळी जंगलाचं. पुढे ऐनाचं जाडजूड खोड, मागे कुलूची पांढरी झाडं, मध्ये आटत चाललेला पाणवठा आणि काठाला भेगाळलेली काळी माती. परवा भिशीत तुकडे मांडून दाखवले, तर एकीने मोबाइलवर झाडाच्या सालीचं हुबेहूब डिजिटल प्रिंट दाखवलं. म्हणाली, "हे घे नं, कशाला डोकं फोडतेस?" तेव्हापासून भुंगा लागलाय.

माझं म्हणणं असं की गोधडीतल्या झाडाची साल छापलेली नकोच, ती विणीतच असावी. ऐनासाठी मी घिच्चा टसर काढलाय, हातकताईच्या गाठाळ रेशमी सुताचा. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडची टसरची अळी ऐनाचा नि अर्जुनाचा पाला खाऊन वाढते. म्हणजे ज्या झाडाचं चित्र, त्याच झाडावरचं रेशीम! पाण्याला धूपछाव कापड: उभा धागा निळा, आडवा काळपट हिरवा. बाजूने चालत गेलं की रंग हलतो. मातीला काळं बाटिक, कारण मेण तडकून रंग आत शिरतो त्या रेषा थेट मे महिन्यातल्या वावरासारख्या दिसतात. तुम्ही काय केलं असतं?

इतवारी_कटपीस
काहून हो ताई एवढा खटाटोप? प्रिंट घ्या, कापा, चिटकवा, चारी बाजूने मशीन फिरवा. घिच्च्याचे काठ किती सुटतात ते माहीत आहे नं? कातर लावली की अर्धा इंच धागे बाहेर. वरून रेशीम. दिवाणखान्याच्या खिडकीतून नागपूरचं ऊन आलं की दोन-चार उन्हाळ्यांत विरून जाईल. पाहुण्याला साल दिसली म्हणजे झालं, अळीने काय खाल्लं ते कोण विचारते?

सालपापुद्रा
काठ सुटतात, कबूल. मी मागून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून मगच कापते. खिडकीसमोरची भिंतही टाळली आहे.

पण प्रिंटचं खरं दुखणं वेगळं आहे. फोटोतल्या सालीवर फोटो काढतानाची सावली असते. खोडाच्या प्रिंटमध्ये ऊन डावीकडून, दगडाच्या प्रिंटमध्ये उजवीकडून, आणि आमचा दिवा वरून. तीन सूर्य एका जंगलात! शिवाय आठ फुटांवरून ती बारीक नक्षी मिसळून नुसता तपकिरी ठोकळा उरतो. घिच्च्याच्या गाठींची सावली मात्र खरी असते, दिवा हलवला की तीही हलते.

वाकळवाली
मला तुमचं दोघांचंही पटत नाही. आमच्या आजीच्या वाकळीत एम्प्रेस मिलच्या लुगड्यांचे तुकडे होते. (१८७७ साली सुरू झालेली टाटांची मिल, नव्या पोरांसाठी सांगते.) रेशीम नाही, प्रिंट नाही, साधं सुती. तरी ती वाकळ नांगरलेल्या शेतासारखी दिसायची, कारण धावदोरा. दोरा ओढला की दोन ओळींच्या मधलं कापड फुगतं आणि सरी तयार होतात. पोत टाक्यातून येतो. कापड फक्त रंग देतं.

अमेरिकेत जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्सने १८९५ ते ९८ च्या सुमारास शिवलेली चित्रगोधडी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. फोटो शोधून बघा. सुती तुकड्यांतून कापलेली माणसं, जनावरं, तारे. कुठे पोताची नक्कल नाही, नुसत्या आकारावर सगळं बोलतं.

आणि व्यवहाराचं सांगते. एकदा मी सुतीशेजारी पॉलिएस्टर सॅटिन जोडलं होतं. कूलरची ओली हवा लागली तशी सुती सैलावली, सॅटिन जागच्या जागी. अख्खं तळं सुरकुतलं. एका जातीचं कापड वापरलं असतं तर ही पाळी आली नसती.

सालपापुद्रा
कूलरचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. सॅटिन बाद.

पॉवर्सबाईंबद्दल मात्र एक. त्या गोष्टी सांगत होत्या, बायबलातल्या आणि उल्कावर्षावाच्या. तिथे आकार पुरतो. मला जंगलाचा कोरडेपणा दाखवायचाय, आणि कोरडेपणाला आकार नसतो.

खोडसाळ
कापडातलं मला शून्य कळतं, जंगलात मात्र वीस वर्षं भटकतोय. ताई, ऐनाची साल कधी हात लावून पाहिली का? ती मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांत फुटते, आडव्या-उभ्या खोल भेगा. तुमच्या घिच्च्यात नुसते आडवे धागे जाड दिसतात. ते ऐन नव्हे, फार तर कुठलंही वाळकं लाकूड. अळीची गोष्ट गोड आहे, पण डोळ्याला ती दिसत नाही.

इतवारी_कटपीस
हाव! हेच म्हणतो मी 😄

सालपापुद्रा
खोडसाळ, हे लागलं. पण बरोबर आहे.

काल दुपारभर वीतभर तुकड्यावर बसले. घिच्चा आडवा फिरवला, म्हणजे गाठाळ धागे उभे आले आणि उभ्या भेगा फुकटात मिळाल्या. मग मागे कापसाचा थर ठेवून वाकळवालींचा धावदोरा घातला, पण सरळ रेषेत नाही. दीड-दोन इंचांवर आडवा तोडत, वेडावाकडा, दोरा जरा जास्तच ओढून. मधले खवले टम्म फुगले. तेच टाके साध्या तपकिरी सुतीवरही घातले. सुतीवर खवले आले, पण गुळगुळीत, ढोकळ्यासारखे. घिच्च्यावर खडबडीत आले. तेव्हा टाका हवाच, पण त्याखालचं कापडही बोलतं, यावरून मी हटणार नाही.

वाकळवाली
ढोकळा म्हणालात, सहन केलं. दोरा दुहेरी घ्या नि मेणावरून ओढा, मग बोला. आणि कॉर्डरॉय वगैरे लावायच्या मोहात पडलात तर लव एकाच दिशेला ठेवा. उलटा तुकडा लागला की एकाच कापडाच्या दोन छटा दिसतात.

सालपापुद्रा
कॉर्डरॉय घेतलंच तर त्या दोन छटा मी मुद्दाम वापरेन. खोडाची उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू.

इतवारी_कटपीस
बरं, प्रिंट नको तर नको. पण त्याची उलटी बाजू पाहा नं! मागून छाप फिका, धूसर येतो, दूरच्या झाडांना चालून जाईल. जीन्सचंही तसंच. उभा धागाच निळा असते, आडवा पांढरा, म्हणून मागून राखाडी-निळं दिसते. पाणवठ्याच्या दगडाले एक नंबर.

सालपापुद्रा
मुलाची फाटकी जीन्स उलटी करून लावली. दगड झाला! प्रिंटची उलटी बाजूही मागच्या झुडपांना घेतली, पण दोन बोटं रुंदीचीच.

आता कुलू राहिला. सासऱ्यांचं जुनं मलमलचं धोतर दुहेरी करून खोड कापलं, तर नेमका मधोमध हळदीचा जुना डाग निघाला. धुवायला घेतलं होतं. मग खोडसाळ यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, कुलूची साल पापुद्रे सुटून आतून तशीच पिवळट दिसते, राहू द्या. डाग ठेवलाय.