गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात

बाथरूममधल्या नळाला ओला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात, चप्पल घातली की काहीच नाही. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पण पडत नाहीये म्हणजे सिरियस नसेल ना?

बंड्या_वायरमन: अरे बाबा आधी गीझर बंद कर मग टाइप कर! एमसीबी १६ अँपियरची, ती वायर वाचवायला, तुला नाही. १ मिलीअँपच्या आसपास झिणझिण्या, १०-१५ ला स्नायू आखडतात आणि हात सुटतच नाही, ५०-१०० छातीतून गेला तर हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. कोरडी कातडी करंट बराच अडवते पण ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येतो, आता २३० भागिले हजार कर बघू.

प्रश्नकर्ता: २३० मिलीअँप?? बापरे

कोकणी_काकू: आमच्याकडे सेम, एलिमेंट फुटलेलं आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती 😡 अर्थिंग चेक कर, ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) बसव, आणि कोणी चिकटलंच तर हात लावू नकोस, आधी मेन स्विच, तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने ढकलायचं, श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच सीपीआर (छाती दाबणं) चालू.

बंड्या_वायरमन: +१, आणि दर महिन्याला आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा, कोणीच दाबत नाही