मोठ्यांनी रंगवायची पुस्तके: कागद, पेन्सिली आणि एक डागाळलेला मोर

पैलतीर (प्रश्न):
मी हिशेबाच्या कामात आहे. भाचीसाठी आणलेले फुलापानांच्या नक्षीचे पुस्तक तिने अर्धवट टाकले आणि रात्रीच्या जेवणानंतर मीच ते रंगवू लागले. आता त्या अर्ध्या तासाची दिवसभर ओढ असते. परंतु स्केचपेनचा रंग कागदाच्या आरपार गेला, आणि छपाई पाठपोट असल्यामुळे मागच्या पानावरचा मोर, जो मी रविवारसाठी राखून ठेवला होता, रंगवण्याआधीच डागाळला. पुस्तक निवडताना काय पाहावे? शिवाय, दुसऱ्याने काढलेल्या रेषांत रंग भरणे ही कला कशी, असे घरात विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

शिसपेन्सिल:
झेरॉक्सचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन तितके ग्रॅम) असतो. रंगवण्याच्या पुस्तकाचा कागद माझ्या मते किमान 120 चा, किंचित खरखरीत आणि एकाच बाजूला छापलेला असावा. हातातले पुस्तक मात्र रंगीत पेन्सिलींनीच पूर्ण करा. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरून, अजिबात दाब न देता, बारीक गोल गोल फिरवत तीन-चार थर द्या. सुरुवातीलाच जोर दिला, तर कागदाचा खरखरीतपणा दबतो आणि पुढचा रंग वर बसत नाही. कमळाची पाकळी घेतली, तर देठाकडे गडद राणी रंग, मध्ये गुलाबी, कडेला कोरा कागद, आणि शेवटी पांढरी पेन्सिल दाबून फिरवली की तिन्ही छटा एकमेकींत मिसळतात. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा, म्हणजे रंग फिसकटणार नाही.

ऐलपैल:
तुम्हाला जी ओढ वाटते, तिच्याशी जुळणारा एक प्रयोग नॅन्सी करी आणि टिम कॅसर या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केला. 84 विद्यार्थ्यांना आधी भीतीचा प्रसंग लिहायला लावून, नंतर काहींना मंडल (वर्तुळाकार नक्षी), काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. नक्षी मिळालेल्या दोन्ही गटांची बेचैनी कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा अधिक उतरली. काय काढावे हा प्रश्न आधीच सुटलेला असतो, म्हणून मन स्वस्थ होते, असे मला वाटते. अर्थात, हा छंद म्हणजे उपचार नव्हे. झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

ओसरी:
घरच्यांना ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण करून द्या. पुस्तकातली तीच रांगोळी आमच्या आळीत चार दारांत निघायची, आणि तरीही कोणती कोणाच्या हातची, हे आई केवळ रंगांवरून सांगायची. रंग कुठे थांबवायचा आणि कोणता कोणाशेजारी ठेवायचा, हे तिथेही कोणी छापून दिलेले नसते. आणि मोर सोडून देऊ नका; डाग मानेवर किंवा पिसाऱ्यावर असेल, तर गडद निळ्याच्या दोन थरांखाली तो सहज झाकला जाईल.

पैलतीर:
डाग पिसाऱ्यावरच आहे, डोळ्याच्या अगदी शेजारी. निळी पेन्सिल टोक करून ठेवली आहे. रविवारी मोरच रंगवते.