पावसाळी गटारात नेमके काय सोडू नये? नोटिशीला उत्तर लिहिताना पडलेला प्रश्न

तळमजला (प्रश्न)

आमच्या इमारतीला गेल्या आठवड्यात स्थानिक प्रशासनाची नोटीस आली. ‘पर्जन्यजल वाहिनीत पावसाच्या पाण्याखेरीज अन्य कोणताही प्रवाह सोडण्यास मनाई आहे’ हे एकच वाक्य तिच्यात ठळक छापलेले असून पंधरा दिवसांत खुलासा मागवला आहे. समितीचा चिटणीस म्हणून उत्तर मला लिहायचे आहे, आणि खरे सांगायचे तर काय कबूल करावे आणि काय नाकारावे हेच मला उमगत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे सगळे सांडपाणी रीतसर मलवाहिनीला जोडलेले आहे. मात्र आवारात रोज गाड्या धुतल्या जातात, पोहण्याचा छोटा तलाव अधूनमधून रिकामा करावा लागतो आणि सध्या बाहेरून डागडुजी व रंगकाम चालू आहे. हे सगळे पाणी उताराने फाटकाजवळच्या जाळीत उतरते. गाड्यांसाठी वापरला जाणारा साबण निसर्गात विघटन पावणारा आहे, असे डब्यावर लिहिलेले आहे. तर यातले निषिद्ध काय आणि चालण्यासारखे काय? वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीसुद्धा यात धरायचे का?

जुना पर्यवेक्षक

चिटणीस साहेब, आधी त्या जाळीखाली काय आहे ते पाहा, कारण नियमाचा सगळा अर्थ तिथे आहे. जिथे दोन वेगळ्या वाहिन्या असतात तिथे मलवाहिनी शुद्धीकरण केंद्राकडे जाते; पावसाळी वाहिनी मात्र थेट ओढ्यात, नदीत किंवा समुद्रात उघडते आणि वाटेत गाळणी म्हणावी असे त्या जाळीशिवाय काहीही नसते. (काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून वाहते. लंडनमध्ये १८५८च्या उन्हाळ्यातील थेम्स नदीच्या दुर्गंधीनंतर अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी उभारलेली व्यवस्था तशीच आहे. पण आपल्या नोटिशीतील शब्द पाहता आपल्याकडे वेगळी वाहिनी असणार.) म्हणून फाटकाजवळ ओतलेली बादली ही ओढ्यात ओतलेली बादली समजावी.

विघटनशील साबणाचा युक्तिवाद मी नोकरीत असंख्य वेळा ऐकला आहे. विघटन होते हे खरे, पण ते करणारे जिवाणू पाण्यातलाच प्राणवायू वापरतात, आणि ते होईपर्यंत साबणातील फेस आणणारे घटक माशांच्या कल्ल्यांना इजा करतच राहतात. निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थांचेही हेच आहे. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी (म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू वापरतात त्याचे माप) लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, तर दुधाची एक लाखाच्या आसपास जाते. दूध कोणी विष म्हणणार नाही, तरी सांडलेल्या दुधाने ओढ्यातील मासे गुदमरतात.

रंगकामाकडे मात्र आजच लक्ष द्या. ब्रश धुतल्यावर जाळीपाशी दुधट पाण्याची धार दिसते ती सर्वांना खटकते, पण त्याहून वाईट म्हणजे गवंड्याने घमेले आणि मिक्सर धुतलेले करडे पाणी. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारे माप; सात म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्क) १२च्या पुढे असतो, ओढ्याचा सातआठच्या दरम्यान. आणि या मापात एकेक अंक म्हणजे दहापट फरक. ते पाणी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात किंवा पिंपात जमवावे, घट्ट होऊ द्यावे आणि गोळा बांधकामाच्या कचऱ्यात द्यावा. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे ब्रश मलवाहिनीला जोडलेल्या मोरीत धुवावेत. तेलरंगाचे टर्पेंटाइन मात्र दोन्हीकडे निषिद्ध असते, ते डब्यातच राहू द्यावे.

वाळूची बादली

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण नोटिशीतील वाक्य शब्दशः घेऊन घाबरून जाऊ नका. अशा बहुतेक उपविधींत (स्थानिक संस्थेच्या नियमांत) मनाईच्या कलमापाठोपाठ सवलतींची यादी असते आणि नोटीस छापणारा ती बहुधा गाळतो. नमुना म्हणून अमेरिकेचे १९९० सालचे केंद्रीय नियम पाहता येतील. त्यांत वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी, पायाभोवती झिरपणारे भूजल, झरे, बागेला घातलेले पाणी, घरच्या घरी धुतलेली एखादी गाडी आणि क्लोरीन काढून टाकलेले तलावाचे पाणी ही सवलतीत आहेत. मात्र त्यातला एखादा प्रवाह प्रदूषण करतो असे आढळल्यास स्थानिक संस्थेला तो रोखावा लागतो. आपल्या उपविधीत यादी कोणती आहे ते संपूर्ण मजकूर मागवून वाचा. माझ्या मते ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल खुलाशात शब्दही खर्च करू नये. पण एक गाडी आणि रोज रांगेने धुतल्या जाणाऱ्या पंचवीस गाड्या यांत फरक आहे, तो नाकारू नका.

तलावाबाबत ‘क्लोरीन काढून टाकलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पोहण्याच्या तलावात लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात, तर गोड्या पाण्यातील जीवांसाठी अमेरिकी निकषात दीर्घकालीन मर्यादा ०.०११ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे नव्वद ते पावणेतीनशे पट अंतर. उपाय स्वस्त आहे: नवे क्लोरीन न टाकता पाणी काही दिवस उन्हात उघडे ठेवावे, चाचणी संचाने क्लोरीन उरले नाही ना ते तपासावे आणि मगच परवानगी असल्यास हळूहळू सोडावे. तलावाची गाळणी उलट धुतल्यावर निघणारे गढूळ पाणी मात्र मलवाहिनीतच जावे.

उताराचे गणित

माझी एक शंका आहे. गाड्यांच्या पाण्यात नळाचे भरपूर पाणी मिसळून ते विरळ करून सोडले, तर अडचण काय? आणि तसे चालत नसेल, तर ते पाणी सरळ मलवाहिनीच्या चेंबरमध्ये वळवले की प्रश्न मिटला.

जुना पर्यवेक्षक

विरळ केल्याने तेल आणि गाळ यांचे वजन कमी होत नाही, फक्त ते अधिक पाण्यासोबत पुढे जाते. म्हणूनच आवारात तेल सांडले तर पाण्याचा पाइप हातात घेऊ नये. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि झाडून उचलावे.

चेंबरमध्ये वळवण्याची कल्पना अर्धी बरोबर आहे. धुण्याची जागा छपराखाली हवी, भोवती छोटा उंचवटा हवा आणि पाणी गाळ व तेल अडवणाऱ्या टाकीतून गेले पाहिजे. शिवाय जोडणीला परवानगी लागते. उघड्या आवाराचा उतार तसाच चेंबरकडे फिरवला, तर पावसाचे पाणीही मलवाहिनीत शिरेल, आणि तेही निषिद्धच आहे. मलवाहिनी तेवढ्या पाण्यासाठी बांधलेली नसते. मुसळधार पावसात ती भरते आणि सखल भागातल्या लोकांच्या शौचालयातून उलटी वर येते.

चिटणीस साहेब, एक गोष्ट राहिली. सलग तीन दिवस कोरडे गेल्यावर आपल्या आवारातील पावसाळी चेंबरचे झाकण उघडून पाहा. आत पाणी वाहत असेल, तर कोणता तरी नळ चुकीच्या वाहिनीला जोडलेला असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याला आलेली नोटीस बहुधा अशाच तपासणीतून निघाली असावी.

तळमजला

पर्यवेक्षक साहेब, आपला तर्क खरा ठरला. गेले पाच दिवस पाऊस नव्हता आणि गाड्या धुणेही आम्ही थांबवले होते, तरी काल सकाळी चेंबरमध्ये बोटभर जाडीची, कोमट, साबणाचा वास असलेली धार वाहत होती. प्रशासनाला आधी कळवून आम्ही प्लंबरच्या मदतीने एकेका घरातील मोरीत तपासणीचा हिरवा रंग ओतला. चौथ्या मजल्यावरील एका घराने सज्जात बसवलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राचा पाइप जवळच्या, गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाळी नळात सोडला होता. पाचव्या मिनिटाला चेंबर हिरवे झाले. त्या काकूंना याची कल्पनाच नव्हती, कारण यंत्र बसवणाऱ्याने जवळचा पाइप गाठून काम उरकले होते. मग बाकीचे सज्जे पाहिले, तर अशा आणखी दोन जोडण्या निघाल्या, आणि त्यांतली एक माझ्याच घरची आहे. तिन्ही जोडण्या रविवारी मलवाहिनीकडे वळवल्या जातील. खुलाशात हे सारे तारखेसह लिहीत आहे आणि उपविधीचा संपूर्ण मजकूरही त्याच पत्रात मागत आहे.