अनुभव धागा: १९६० च्या दशकातले ‘ओएसएस ११७’ – कुठली प्रत, कुठला आवाज, कुठून सुरुवात

पिटातला (धागाकर्ता)

बॉन्डच्या लाटेत युरोपात हेरपटांचं जे पीक आलं, त्यातली दिग्दर्शक आंद्रे ऊनबेल यांच्या ‘ओएसएस ११७’ची फ्रेंच मालिका आपल्याकडे फारशी कुणी बघितलेली नाही. ज्यांनी बघितली आहे त्यांतल्या निम्म्यांनी गुलाबी पडलेल्या, कडा कापलेल्या प्रती बघून नाक मुरडलंय. म्हणून हा धागा. एकच विनंती: ‘कॉलेजात असताना एकदा...’ अशी सुरुवात नको. कुठली प्रत बघितली, काय बिघडलं, कसं दुरुस्त झालं, काय बघण्यासारखं आहे तेवढंच लिहा.

‘बॉन्डची नक्कल’ हा शेरा मारण्याआधी एवढं लक्षात घ्या. नायक, म्हणजे हेर ओएसएस ११७ उर्फ युबेर बोनिसर द ला बात, हा झाँ ब्रूसच्या कादंबऱ्यांतला, आणि त्या १९४९ पासूनच्या. फ्लेमिंगचा बॉन्ड आला १९५३ मध्ये. पडद्यावरही ११७ पहिल्यांदा १९५७ मध्येच आला. रंगीत परदेशवारी, वेडा खलनायक आणि त्याचा गुप्त अड्डा हा साचा मात्र बॉन्डपटांनंतरचा, यात वाद नाही.

रीळबहाद्दर

क्रमाबद्दल. १९६३ पासून १९६८ पर्यंत पाच चित्रपट आहेत. सालाप्रमाणे बघायला बसलात तर पहिल्यालाच अडखळाल. १९६३ चा ‘स देशेन’ कृष्णधवल आहे, कॉर्सिकात घडतो, आणि त्यात पाण्याखालची दृश्यं बरीच. बोनिफासियोचे कडे सुंदर आहेत, पण वेग जुन्या पोलिसपटाचा. तो तिसरा किंवा चौथा बघावा.

सुरुवात १९६५ च्या ‘फ्युरिया आ बाईया’पासून करा. ब्राझील, माणसाला आत्मघातकी मारेकरी करणारं वनस्पतीचं औषध, आणि फ्रेडरिक स्टॅफर्ड. हा गडी मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा, अभिनयाचा अनुभव नसताना थेट नायक झाला. १९६९ मध्ये हिचकॉकच्या ‘टोपाझ’मध्ये दिसतो तोच. चेहऱ्यावर भाव बेताचे, पण मारामारीत अंग झोकून देतो.

त्यानंतर ‘बांको आ बँकॉक’ (१९६४). कर्विन मॅथ्यूज नायक, लस आणि प्लेगभोवती फिरणारी गोष्ट, आणि रोबेर ओसेनने केलेला डॉक्टर सिन. ओसेन आवाज चढवत नाही, त्यामुळे तो भाव खाऊन जातो. मग ‘आतू कर आ तोक्यो’ (१९६६). दिग्दर्शक मिशेल ब्वारों, पण पटकथेत टेरेन्स यंगचा हात आहे, म्हणजे ‘डॉ. नो’चा दिग्दर्शक. गंमत बघा, बॉन्ड स्वतः जपानला पोचला त्याच्या पुढच्या वर्षी.

१९६८ चा ‘पा द रोझ’ अगदी शेवटी. जॉन गॅव्हिन दिसायला देखणा, बाकी लाकूड. कुर्ट युर्गन्स आणि लुचियाना पालुत्सी आहेत म्हणून एकदा चालतो.

तिसरी घंटा

रीळबहाद्दर, क्रम मान्य. पण प्रत चुकली तर क्रम काय कामाचा?

बँकॉक, बाईया आणि तोक्यो हे तिन्ही २.३५ : १ च्या रुंद चौकटीत आहेत. जुन्या टीव्हीसाठी केलेल्या ४ : ३ च्या प्रतीत त्यातली सुमारे ५७ टक्केच रुंदी उरते. ऊनबेल दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी करतो. कापलेल्या प्रतीत एक माणूस हवेशी बोलत राहतो, आणि आपण म्हणतो दिग्दर्शन भिकार आहे.

तुमच्या टीव्हीवर हिशोब असा: ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच. पूर्ण चौकटीची प्रत लावली की चित्राची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, वरखाली साडेसहा-साडेसहा सेंटिमीटर काळं. काळं दिसत नसेल तर चित्र कापलंय किंवा ताणलंय. ताणलंय हे ओळखायला गाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ बघा, समोरून गोल दिसलं पाहिजे. व्हीएलसी या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये ‘ए’ दाबत गेलं की प्रमाण बदलतं, ‘सी’ने काप बदलतो. नवखे लोक ‘सी’ दाबून काळ्या पट्ट्या घालवतात. म्हणजे चांगली प्रत मिळवायची आणि हाताने खराब करायची.

रंग: त्वचा, आकाश, झाडं सगळंच गुलाबी असेल तर ती साठच्या दशकाची ‘शैली’ नव्हे. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि लाल उरतो. तशा प्रतीत रंगाची तीव्रता थोडी उतरवली की डोळ्यांना त्रास कमी होतो, पण गेलेला रंग परत येत नाही.

डिस्क: किनो लॉर्बर या कंपनीचा पाच चित्रपटांचा ब्लू-रे संच आहे, अमेरिकेतला. आता नीट वाचा. ब्लू-रेमध्ये अमेरिका ‘ए’ विभाग, युरोप ‘बी’, भारत ‘सी’. डीव्हीडीत अमेरिका १, युरोप २, भारत ५. विभागाचं बंधन असलेली डिस्क इथे विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर अडते. आधी डिस्कच्या पाठीवरचा विभाग बघा, मग पैसे भरा. अमेरिकेतल्या मावशीकडून डिस्क मागवणाऱ्यांनी प्लेअरही तिथलाच मागवायचा असेल तर वीज ११० व्होल्टची आहे का तेही बघून घ्या.

खालची ओळ

सबटायटलवर कुणीच लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त डोकं तिथेच फिरतं.

बिघाड तीन प्रकारचे. पहिला: ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरावीक सेकंद मागे किंवा पुढे. व्हीएलसीमध्ये ‘जी’ आणि ‘एच’, दर दाबाला ५० मिलिसेकंद. ‘एच’ने ओळ उशिरा येते, ‘जी’ने लवकर. संपला विषय.

दुसरा: सुरुवात बरोबर, पण मिनिटागणिक ओळी आधीआधी येऊ लागतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पण सबटायटल युरोपातल्या २५ फ्रेमच्या डीव्हीडीवरून घेतलेली. दहाव्या मिनिटाला ओळ २४ सेकंद आधी येते, शंभराव्या मिनिटाला चार मिनिटं. इथे ‘जी-एच’ दाबत बसलात तर मध्यंतरापर्यंत बोटं दुखतील. ‘सबटायटल एडिट’ हा फुकट प्रोग्रॅम घ्या, फ्रेम रेट बदलण्याच्या खिडकीत २५ वरून २३.९७६ (डिजिटल प्रतीतले ‘२४’ बहुधा हेच) करा आणि नव्या नावाने जतन करा. मूळ फाईल पुसू नका.

तिसरा सगळ्यात चोरटा: चाळीस मिनिटं सगळं छान, मग अचानक वीस-तीस सेकंदांची उडी. याचा अर्थ तुमच्या प्रतीतून एखादा प्रसंग कापलाय, किंवा सबटायटल कापलेल्या प्रतीची आहे. इथे फ्रेम रेटला हात लावायचा नाही. उडीच्या पुढच्या ओळी तेवढ्या निवडून एकदम सरकवायच्या.

फ्रेंच अक्षरांवरच्या खुणांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली तर फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा.

सूरदास

खालची ओळ यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड. त्याच २५ फ्रेममुळे आवाजही चढतो. काळी एकमधली धून पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसते. मिशेल मान्यचं पार्श्वसंगीत ऐकायचं असेल तर २४ फ्रेमचीच प्रत शोधा, नाहीतर ट्रम्पेट उगाच घाईत असल्यासारखा वाटतो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपला तर ‘चार मिनिटं कापली’ म्हणून ओरडू नका, बहुतेक वेळा तो वेगाचाच फरक असतो.

आवाज कुठला लावावा? फ्रेंच लावा, पण ‘खरा आवाज’ म्हणून नाही. मॅथ्यूज अमेरिकन, त्याचा फ्रेंच आवाज दुसऱ्याचाच. या सहनिर्मितीच्या चित्रपटांत नट वेगवेगळ्या देशांचे, आवाज नंतर भरलेला. त्यामुळे ओठ कुठल्याच भाषेशी पूर्ण जुळत नाहीत, ते शोधत बसू नये. फ्रेंच घ्यायचा तो संवादांची खोच शाबूत राहते म्हणून.

रीळबहाद्दर

@सूरदास, इथे थोडा मतभेद. मारामारीच्या प्रसंगांपुरता इंग्रजी आवाज चालतो, आणि ज्यांना ओळी वाचायचा कंटाळा आहे त्यांनी बाईया तरी इंग्रजीत बघायला हरकत नाही. गोष्ट समजायला त्यात ताणच नाही.

सूरदास

गोष्टीला ताण नाही हेही खरंच म्हणा.

अंगठेबहाद्दर

मारामाऱ्या बघताना एक करा: माणसांकडे नाही, खोलीकडे बघा. हॉटेलची खोली आली की टेबल, दिवा, पडदा, पलंग यांतलं काय आधी मोडणार ते ओळखायचं. कॅमेरा लांब ठेवलेला आहे आणि तुकडे कमी, त्यामुळे कोण कुठे आपटलं ते पूर्ण दिसतं. आजच्या झटक्या-झटक्याच्या कापाकापीत ते सुख नाही. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग मात्र बंद ठेवा. ते चालू असलं की गाडीच्या मागे पडद्यावर टाकलेला रस्ता लगेच उघडा पडतो.

अवांतर: ऊनबेल चित्रपटात येण्याआधी काचेच्या वस्तू घडवणारा नावाजलेला कारागीर होता. त्याच्या चित्रपटात काच फुटली की मला हे आठवतंच. त्याच काळातल्या त्याच्या ‘फान्तोमास’ मालिकेलाही संगीत मिशेल मान्यचंच, ११७ आवडला तर पुढे तिकडे वळा.

एजंट एकशेसोळा

आपल्याकडचा धागा: जितेंद्रचा ‘फर्ज’ (१९६७) म्हणजे आदल्या वर्षीच्या तेलुगू ‘गूढचारी ११६’चं हिंदी रूप. दोन्हींतला नायक एजंट ११६. ११७ च्या शेजारच्या घरात राहायला आल्यासारखा हा आकडा बघून हसू येतं. बाईया आणि फर्ज लागोपाठच्या शनिवारी लावा. आपल्या गाण्यांना जेवढा वेळ जातो तेवढा त्यांचा विमानतळ, हॉटेल आणि पोहण्याच्या तलावात जातो.

तिसरी घंटा

झाँ द्युजार्दांच्या २००६ आणि २००९ च्या विडंबनांबद्दल व्यनित (खाजगी निरोपात) विचारणा आली, म्हणून इथेच: ती नंतर बघा. त्यांत जुन्या चित्रपटांचा प्रकाश, गाडीमागचा खोटा रस्ता आणि नायकाचा फाजील आत्मविश्वास मुद्दाम उचललाय. आधी विडंबन बघितलं की मूळ चित्रपटात स्टॅफर्डने नुसता टाय सारखा केला तरी हसू फुटतं.

पिटातला (धागाकर्ता)

एक भर, रात्रीच्या दृश्यांची. त्यातली काही भर दुपारी निळा फिल्टर लावून, उजेड कमी धरून घेतलेली असतात. जमिनीवर टोकदार सावल्या आणि हातात विजेरी असं दिसलं की तो प्रकार. डिस्क बनवताना ते पुन्हा अंधारं करायचं राहिलं, किंवा टीव्ही भडक मोडवर असला, तर हेर ऊन-ऊन दुपारी विजेरी घेऊन भिंत चढतो. टीव्ही सिनेमा मोडवर ठेवा, ब्राइटनेस दोन-तीन घरं उतरवा. तरी दुपारच दिसली तर प्रतीतच घोळ आहे, तेव्हा कुठली प्रत ते इथे लिहा.