जुन्या क्षयाच्या पोकळीत बुरशीचा गोळा: वडिलांच्या उपचाराबाबत विचारणा

प्रश्न (कवठेमहांकाळ)
वडिलांना २०१५ साली क्षयरोग झाला होता. औषधे पूर्ण घेऊन ते बरे झाले. दिवाळीपासून पुन्हा खोकला आहे, वजन घटले आहे आणि थुंकीतून रक्त पडते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतानाही एका दवाखान्यात क्षयाच्याच गोळ्या सुरू केल्या गेल्या, पण चार महिन्यांत उतार पडला नाही. आता मिरजेत सीटी स्कॅन केल्यावर जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा असल्याचे कळले. घरात लहान नातू आहे, त्याला हा आजार लागेल का? वडील रोज गोठ्यात वैरण टाकतात, ते थांबवावे का?

उत्तर (छातीविकारतज्ज्ञ, सातारा)
नातवाची चिंता सोडा. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. ॲस्परजिलस ही बुरशी माती, कुजका पाला, ओलसर धान्य अशी सगळीकडे असते आणि तिचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू आपण सारेच रोज श्वासावाटे घेतो. निरोगी फुप्फुस ते बाहेर काढते, परंतु क्षयाने मागे ठेवलेल्या पोकळीची सफाई होत नसल्यामुळे बुरशी तेथे ठाण मांडते. कूस बदलली की हा गोळा पुष्कळदा पोकळीत सरकलेला दिसतो, इतका तो सुटा असतो. थुंकीत क्षय नाही आणि तरीही माणूस खंगतो आहे, अशा वेळी पुन्हा क्षयाच्या गोळ्या देण्याआधी रक्तातील ॲस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) तपासलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. उपचारात सहसा इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध किमान सहा महिने देतात. मात्र क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन सोबत चालू असल्यास इट्राकोनाझोलचे रक्तातील प्रमाण फार घटते, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त जास्त पडले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

उत्तर (कोरेगाव)
माझे यजमान यातून गेले आहेत. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते आणि आम्लपित्ताच्या गोळीने ती नीट शोषली जात नाही, हे आम्हांला उशिरा कळले. पावसात भिजलेल्या गंजीतली कडब्याची पेंढी सोडली की आतून हिरवट-राखाडी भुकटी उडते. ते काम काकांना मुळीच देऊ नका.

प्रश्नकर्ता
आपले मनापासून आभार. आताच पाकीट पाहिले, रिफाम्पिसिन अजून चालूच आहे. उद्या सकाळी दोन्ही औषधांची पाकिटे घेऊन मिरजेला जात आहे.