बॉयलर २४ चा की ३५ चा? आणि बसवताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

जुना बॉयलर काढून नवा कॉम्बी (घरही तापवणारा आणि टाकीशिवाय नळाचं पाणीही गरम करणारा बॉयलर) बसवायचाय. नऊ रेडिएटर, एक बाथरूम, शिवाय वर एक शॉवर. एक तंत्रज्ञ ३५ किलोवॅटचा घ्या म्हणतो, दुसरा २४ चा पुरे म्हणतो. कोणाचं ऐकायचं? आणि काम चालू असताना आपण नेमकं काय बघायचं?

---

पुन्हा: बॉयलर २४ चा की ३५ चा?

नमस्कार ताई,

दोघेही घर तापवण्याबद्दल बोलतच नाहीयेत. २४ नि ३५ हे आकडे नळाच्या गरम पाण्याचे. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या तीन बेडरूमच्या घराला कडाक्याच्या थंडीतही बहुतेक वेळा ६ ते १० किलोवॅट पुरतात.

गरम पाण्याचं गणित सोपं आहे. किलोवॅटला ६० ने गुणा आणि ४.२ गुणिले तापमानवाढ, एवढ्याने भागा. थंडीत मुख्य लाइनचं पाणी ७ अंशांवर येतं आणि आपल्याला ४२ हवं, म्हणजे वाढ ३५ अंशांची. २४ किलोवॅटला मिनिटाला साधारण ९.८ लिटर मिळतं, ३५ ला १४.३. एका शॉवरला ८ ते १० लिटर लागतं.

पण आधी स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण सोडून बादली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटाला १० लिटरच येत असेल, तर ३५ चा बॉयलर घेऊन उरलेले ४ लिटर आणणार कुठून? दोन्ही शॉवर एकाच वेळी चालायला हवे असतील तर कॉम्बीचा नाद सोडा आणि १८० ते २१० लिटरची गरम पाण्याची टाकी घ्या.

माहितीपत्रकात सगळ्यात मोठा आकडा बघतात सगळे. तुम्ही सगळ्यात लहान बघा. ३ किलोवॅटपर्यंत खाली उतरणारा बॉयलर सौम्य थंडीत मंद आचेवर शांतपणे चालत राहतो. ज्याची किमान पातळीच ८ आहे, तो दर पाच मिनिटांनी पेटतो नि विझतो. गॅसही जास्त जातो, सुटे भागही लवकर झिजतात.

आता गॅसचा पाइप. ३० किलोवॅटचा बॉयलर पूर्ण पेटला की तासाला सुमारे ३ घनमीटर गॅस ओढतो. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडू देत नाहीत. जुन्या बॉयलरचा १५ मिमी पाइप लांबवरून, चार-पाच एल्बो (वळणाचे जोड) घेत येत असेल तर तो बहुधा अपुरा पडतो; २२ मिमी लागतो. प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी अर्धा मीटर पाइप समजा. गरम नळ पूर्ण सोडून आणि शेगडीचे बर्नर पेटवून मगच दाब मोजायला सांगा. बॉयलर बंद असताना मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

हे काम परवाना असलेल्या गॅस तंत्रज्ञाचंच. आपण फक्त विचारायचं.

---

पुन्हा: पुन्हा: बॉयलर २४ चा की ३५ चा?

काकांनी गॅसचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते.

जुन्या रेडिएटरमध्ये काळा गाळ असतो. तो लोखंडाचा ऑक्साइड. शाईसारखा, बोटाला लागला की साबणानेही पटकन जात नाही. तो न धुता नवा बॉयलर जोडला तर सगळ्यात आधी आतला प्लेट हीट एक्स्चेंजर (नळाचं पाणी तापवणारा भाग) तुंबतो, कारण त्यातल्या फटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. लक्षण ठरलेलं: रेडिएटर कढत, आणि नळाचं पाणी कधी कोमट कधी गरम. म्हणून आधी रसायन घालून फ्लश, मग परतीच्या पाइपवर, बॉयलरच्या अगदी अलीकडे चुंबकीय फिल्टर, आणि शेवटी इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन), साधारण १०० लिटर पाण्याला १ लिटर. नऊ रेडिएटरची यंत्रणा बहुतेक वेळा तेवढ्यातच बसते. बाटली खरंच ओतली ना, ते बघा. नुसती बॉयलरशेजारी ठेवून जातात.

पाणी जड असेल तर थंड पाण्याच्या लाइनवर क्षार रोखणारं उपकरण लावा.

एक गोष्ट काकांच्या यादीत राहिली. काँडेन्सिंग बॉयलरचा (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणाऱ्या) फायदा परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच मिळतो. त्याच्या वर धुरातली वाफ पाणी होतच नाही. कारखान्यातून बॉयलर ७५-८० वर लावून येतो आणि तंत्रज्ञ तसाच सोडून जातो. हीटिंग ५५-६० वर आणून बघा, घर तापत असेल तर तिथेच ठेवा. मात्र टाकी घेतलीत तर तिच्यातलं पाणी ६० पर्यंत जायलाच हवं, लिजिओनेला जिवाणूसाठी. तेव्हा टाकी तापवताना बॉयलर आपोआप वर जाईल आणि रेडिएटरना खाली राहील, अशी वायरिंग मागा.

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: बॉयलर २४ चा की ३५ चा?

धन्यवाद. काँडेन्सेटचा (धुरातल्या वाफेचं जे पाणी होतं, त्याचा) पाइप बाहेरच्या भिंतीवरून सहा मीटर नेऊन गटारात सोडतो म्हणतायत. चालेल का?

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: बॉयलर २४ चा की ३५ चा?

शक्यतो नको. पहिल्याच कडक थंडीत तो गोठेल, पाणी आत साचेल आणि बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडेल. तो आतूनच, सिंकच्या किंवा वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याला जोडायला सांगा. उतार मीटरला किमान ४५ मिमी. पाइप प्लास्टिकचाच, ते पाणी आम्लधर्मी असतं, तांबं खातं. बाहेरून न्यावाच लागला तर ३२ मिमी व्यासाचा, इन्सुलेशन गुंडाळून आणि ३ मीटरच्या आत. गोठलाच तर कोमट पाणी ओता, उकळतं नको, पाइप तडकतो.

फ्ल्यूचा (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचा) उतार मात्र उलटा, बाहेरून बॉयलरकडे, म्हणजे त्यातलं पाणी बॉयलरमध्ये परत येतं. बाहेर टपकणारा फ्ल्यू चुकीचा बसवलेला समजा.

जाण्याआधी तंत्रज्ञाकडून ज्वलनाचे आकडे कागदावर घ्या. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर ०.००४ च्या आत हवं. त्याच खोलीत मोनॉक्साइडचा अलार्मही लावा.

हीटिंगच्या पाण्याचं प्रेशर थंड असताना १ ते १.५ बार. गरम झाल्यावर काटा ३ कडे धावत असेल आणि थंड झाल्यावर शून्यावर येत असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्यातली) हवा गेलीय. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो, म्हणून काटा खाली येतो. लोक महिनोन्‌महिने फिलिंग लूप (मुख्य लाइनचं पाणी यंत्रणेत भरायची नळी) उघडून पाणी भरत बसतात. दर वेळी ताजा ऑक्सिजन आत जातो, इनहिबिटर पातळ होतो आणि पुन्हा तोच काळा गाळ तयार होतो. पाणी भरून झालं की लूपचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नळी काढून ठेवायची.