जुन्या दुनळी बंदुकीचा डावा घोडा मोडला आहे. जोडीचा घोडा कसा शोधावा?

प्रश्न

आजोबांकडून माझ्याकडे आलेली आणि रीतसर परवान्यावर असलेली १२ बोअरची एक जुनी दुनळी बंदूक आहे. तिचे दोन्ही घोडे (चाप ओढल्यावर टोला देणारे भाग) बाहेरच्या बाजूला आहेत आणि नळ्यांवर दमास्कस पोलादाची नागमोडी नक्षी अजून स्पष्ट दिसते. गेल्या आठवड्यात ती रिकामी असल्याची खात्री करून मी साफसफाई करत होतो. डावा घोडा मागे ओढताच त्याचा अंगठा टेकवण्याचा भाग मोडून हातात आला. मोडलेल्या जागी अर्धा भाग काळपट व अर्धा चकचकीत राखाडी आहे, त्यावरून तिथे आधीपासूनच भेग असावी असे वाटते.

बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव कुठेही नाही. नळ्यांच्या खालच्या बाजूला मात्र एका लंबगोलात ‘ईएलजी’ ही तीन अक्षरे आणि त्यांखाली चांदणी आहे. लंबगोलावर मुकुट नाही. असा घोडा कोणत्या नावाने शोधावा, आणि दुसऱ्या एखाद्या बंदुकीचा घोडा इथे बसू शकेल का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तुम्ही वर्णन केलेली खूण बेल्जियममधील लीएज येथील प्रूफ हाउसची आहे. तिथे नळ्या जादा दाबाच्या बाराने तपासून मगच त्यांवर शिक्का मारला जाई. या लंबगोलावर १८९३ पासून मुकुट येऊ लागला, त्यामुळे तुमच्या नळ्यांची चाचणी त्याआधीची असली पाहिजे. मात्र ही खूण तपासणी करणाऱ्यांची आहे, बनवणाऱ्याची नाही, हा फरक लक्षात घ्यावा, कारण अनेक जण ‘ईएलजी’ हेच कंपनीचे नाव समजून महिनोन्‌महिने शोध घेत बसतात.

बनवणाऱ्याचे नाव सापडले तरी त्याचा फारसा उपयोग होणार नाही. त्या काळी लीएजमध्ये नळ्या एकाने, कुलपे (घोडा चालवणारी आतली यंत्रणा व तिचा पत्रा) दुसऱ्याने आणि लाकूडकाम तिसऱ्याने करावे अशी पद्धत होती, आणि तयार झालेल्या बंदुका नावाशिवाय किंवा विक्रेत्याच्या नावाने जगभर जात. प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीला बसवलेला असे. त्यामुळे एकाच कारागिराने एकाच वर्षी केलेल्या दोन बंदुकांचे घोडेसुद्धा एकमेकांना सहसा बसत नाहीत. शोध नावावरून न घेता मापांवरून घ्यावा: घोड्याच्या चौकोनी भोकाची बाजू, भोकाच्या मध्यापासून घोड्याच्या टोकापर्यंतचे अंतर, आणि कुलपाची मुख्य स्प्रिंग घोड्याच्या पुढे आहे की मागे. उजवा घोडा नमुना म्हणून उपयोगी पडेल, परंतु तो डाव्याचे आरशातले प्रतिबिंब असल्याने डाव्या बाजूला लावता येणार नाही.

उत्तर २

मी अशा बंदुकांची कुलपे दुरुस्त करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घोडा शोधायला निघण्यापूर्वी मोडलेला तुकडा जपून ठेवा, तो कुठेही टाकू नका. घोड्याचे नाक (टोला देणारे टोक) मोडले असते तर मी जुना घोडा बाजूला ठेवा असेच म्हटले असते, कारण टोल्याचा सगळा भार नाकातून आणि मानेतून जातो. तुमचा मात्र केवळ अंगठ्याचा भाग गेला आहे. तो जाणकाराकडून वेल्डिंगने जोडून, कानशीने मूळ आकारात आणून, वरच्या बारीक रेघा पुन्हा कोरून घेता येतो. या मार्गाचा मोठा लाभ असा की घोड्याचे चौकोनी भोक जसेच्या तसे राहते.

हे भोक म्हणजेच घोड्याचा प्राण आहे. कुलपाच्या आतल्या टंबलरचा (घोड्याबरोबर फिरणाऱ्या भागाचा) चौकोनी दांडा त्यात घट्ट बसतो आणि भोकाचा कोन ठरवतो की घोडा खाली आल्यावर नाक फायरिंग पिनवर (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीवर) नेमके टेकेल, की ते अलीकडे अडेल. भोक काही अंशांनी जरी फिरले, तरी चाप ओढल्यावर पिनवर पुरेसा आघात होत नाही, किंवा अर्ध्या खाचेवर (घोडा अर्धा मागे अडवून ठेवण्याच्या जागी) घोडा भलत्याच ठिकाणी उभा राहतो. म्हणून दुसऱ्या बंदुकीचा, आधीच भोक पडलेला घोडा दिसायला कितीही सारखा असला तरी मी तो सहसा घेत नाही.

घोडा काढताना मधला स्क्रू काढल्यावर तो सहजासहजी सुटत नाही. तेव्हा खाली पेचकस घालून उचकटू नये. पेचकसाचा ओरखडा कुलपाच्या कोरीव पत्र्यावर कायमचा राहतो आणि दांडाही वाकतो. त्यासाठी लहान पुलर वापरतात.

उत्तर ३

घोड्यापेक्षा नळ्यांची चिंता मला अधिक वाटते. दमास्कस नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींशी तापवून जोडून केलेल्या असतात. त्या जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूच्या दाबासाठी घडवल्या जात आणि जोडांमध्ये आतून गंज धरला असल्यास तो बाहेरून दिसत नाही. त्याशिवाय जुन्या १२ बोअरचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) अनेकदा ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. असे काडतूस आत सहज बसते, पण उडवल्यावर त्याचे तोंड पुरेसे उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून घोडा दुरुस्त झाला तरी जाणकाराने नळ्यांची जाडी आणि चेंबर मोजून दिल्याखेरीज ती उडवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी कुलपे उघडली नाहीत, परंतु दोन्ही घोडे बोटांनी हळूच हलवून पाहिले. उजवा जागेवर घट्ट आहे. डावा मात्र चौकोनावर अगदी थोडा डुलतो, टंबलर जागचा हलत नाही. बंदूक उडवायची नाही, ती आजोबांच्या वेळी होती तशी पूर्ण दिसावी एवढीच इच्छा आहे.

उत्तर २

हा डुलणेपणा महत्त्वाचा आहे. टंबलरच्या दांड्याचे कोपरे झिजले आहेत किंवा घोड्याचे भोक सैल झाले आहे, यांपैकी काय ते घोडा काढल्यावरच कळेल. दांड्याचे कोपरे शाबूत असतील आणि भोकच सैल असेल, तर जुना घोडा जोडण्याबरोबर भोकही भरून पुन्हा कापावे लागेल, आणि मग भोक न पाडलेला ओतीव घोडा घेऊन तो तुमच्या दांड्याप्रमाणे कापणे अधिक सोयीचे पडेल. जुन्या बंदुकांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे असे कच्चे घोडे डाव्या व उजव्या बाजूंचे वेगवेगळे मिळतात. आकार निवडताना उजव्या घोड्याचा बाजूने काढलेला फोटो उलटा करून शेजारी मोजपट्टीसह द्यावा. दुरुस्तीला देताना केवळ घोडा देऊ नका. डावे कुलूप, मोडलेला तुकडा आणि नमुन्यासाठी उजवे कुलूप एकत्र द्या, आणि ती कुलपे लाकडातून तुम्ही स्वतः न काढता त्या कारागिरालाच काढू द्या, कारण जुने लाकूड कुलपाच्या कडेला पातळ असते आणि पत्रा तिरका निघाला की तिथली कपची उडते.